रुबाब की ब्रेक?

जांबोटीकडच्या एका माजी विद्यार्थ्याने जीप घेतली. परवा भेटला आणि म्हणाला, “सर, चिखलासाठी खोल नक्षीचे जाडजूड टायर घालू का?” मी विचारले, “शेतात किती जातोस?” आठवड्यातून एकदा. बाकी सहा दिवस डांबरी रस्ता आणि मुलांची शाळा!

चिखलाचे टायर डांबरीवर आवाज करतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला तर गाडी उशिरा थांबते. अशांना मधले ‘ऑल टेरेन’ बरे. घेताना भारक्षमता बघावी. बाजूवरचे चार आकडेही वाचावेत; २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी झिजून १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा. शेवटी चिखलात अडकलेली गाडी ट्रॅक्टरने ओढता येते. पावसात न थांबलेली गाडी कोण थांबवणार?