जिंकूनही घसरण

अमेरिकन कॉलेजांच्या महिला अल्टिमेट संघांची क्रमवारी पहिल्यांदा पाहणारा हमखास चक्रावतो. भरपूर सामने जिंकलेला संघ खाली आणि बऱ्यापैकी हरलेला वर. नेट रन रेटवर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना हा घोळच वाटतो. मला मात्र ही पद्धत बऱ्याच गुणतालिकांपेक्षा प्रामाणिक वाटते. तिची खोट आहे ती दुसरीकडे.

खेळ सोपा आहे. सात-सात जणी, १७५ ग्रॅमची फ्रिस्बी. ती हातात आली की पळायचं नाही, फेकायची; समोरच्या टोकाच्या पट्ट्यात सहकारिणीनं झेलली की एक गुण. सामना साधारण १५ गुणांचा. फाउल खेळाडूच पुकारतात आणि बहुतेकदा खेळाडूच मिटवतात. (आपल्या गल्ली क्रिकेटमध्येही हेच असतं म्हणा, फक्त मिटवण्याचा भाग कच्चा.)

आता हिशेब. प्रत्येक सामन्यात समोरच्या संघाचं रेटिंग घ्यायचं आणि गुणफरकाप्रमाणे त्यात भर घालायची किंवा वजावट करायची. एका गुणानं निकाल लागला तर १२५, एकतर्फी लागला तर फार तर ६००. १५-७ ला जे मिळतं तेच १५-० ला, त्यामुळे पडलेल्याला तुडवण्यात फायदा नाही. समजा, तुमचं रेटिंग १८०० आहे. शनिवारी २०००च्या संघाशी १४-१५ असं हरलात, तर त्या सामन्यापुरत्या तुम्ही १८७५. रविवारी १०००च्या संघाला १५-१० असं हरवलंत, तर जेमतेम १४५०. म्हणजे हरून वर गेलात आणि जिंकून घसरलात! या सगळ्याची सरासरी म्हणजे तुमचं रेटिंग, अलीकडच्या सामन्यांना वजन जास्त. कुणाशी खेळलात आणि किती तोडीस तोड ठरलात, एवढंच सूत्र विचारतं. मला ते पटतं.

या आकड्यांवर पुढचं बरंच ठरतं. डिव्हिजन वन या वरच्या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत २० संघ असतात. दहा भौगोलिक विभागांना एकेक जागा हक्काची, उरलेल्या दहा क्रमवारीवरून. पण ही जादा जागा संघाला मिळत नाही, त्याच्या विभागाला मिळते. तुम्ही चार महिने राबून ती आणलीत आणि विभागीय स्पर्धेत ढेपाळलात, तर तिकीट शेजारच्या कॉलेजच्या मुली घेऊन जातात. कमावलं एकीनं, मिरवलं दुसरीनं. यावर दरवर्षी कुरकुर होते. मला यात काहीही चुकीचं दिसत नाही. शेवटी मैदानावर जिंकायलाच हवं.

खोट आहे प्रवासात. अल्टिमेट एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेच्या खेळांत नाही, बहुतेक कॉलेजांत तो क्लबचा खेळ. विमानाचं भाडं, मोटेलचं बिल बरंचसं मुलीच वर्गणी काढून भागवतात. ज्यांना परवडतं त्या स्टॅनफर्ड इन्व्हाइटसारख्या निमंत्रण स्पर्धांना जाऊन तगड्या संघांशी भिडतात. ज्यांना परवडत नाही त्या आसपासच्याच संघांशी खेळत राहतात, आणि तिथं रेटिंग वाढायला वावच थोडा. त्यातून अख्ख्या टापूतला एखादाच संघ बाहेर गेला, तर सगळ्यांचे आकडे त्याच्या एका शनिवार-रविवारला बांधले जातात. नेमका त्या दिवशी वारा सुटतो. वाऱ्याविरुद्ध फेकलेली फ्रिस्बी नाक वर करून उठते, हवेत थबकते, मागे ढकलली जाते. खालच्या मुली मान वर करून चार पावलं पुढे, चार मागे करत राहतात. सूत्राला वारा दिसत नाही, फक्त ६-१३ दिसतं. तो संघ घसरतो आणि घरी राहिलेल्या शेजारणीही घसरतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

न्यू हॅम्पशरच्या डार्टमथनं २०१७ आणि २०१८ असं सलग दोनदा राष्ट्रीय विजेतेपद नेलं, हा दाखला माझ्या तोंडावर फेकला जाईल. मार्चमध्येही बर्फ असल्यानं खेळायला दूर जावं लागणाऱ्या गावाचा संघ जिंकतो, मग अडलं कुठं? अडतं असं की डार्टमथ हे श्रीमंत कॉलेज आहे. राज्य विद्यापीठाच्या एखाद्या छोट्या संघाला हा दाखला लावू नये.

सूत्राला हात लावायची गरज नाही. मोठ्या निमंत्रण स्पर्धांनी दरवर्षी दूरच्या विभागांतल्या दोन-तीन संघांची प्रवेश फी माफ करावी आणि त्यांच्या राहण्याची सोय यजमान कॉलेजच्या मुलींच्या खोल्यांत करावी. स्लीपिंग बॅग त्या आपल्या आपण आणतील.