काळजी तुमची, म्हणून नोकरी दुसऱ्याला!

“तुमच्या सुरक्षिततेसाठीच सांगतोय.” आमच्या वस्त्यांतल्या मुलींनी एमआयडीसीच्या गेटवर हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा अर्थ आता कुणी विचारत नाही. अर्थ एकच, नोकरी नाही. रात्रपाळी आहे, केमिकल आहे, उद्या काही झाले तर जबाबदारी कोण घेणार? अहो, केमिकल घातक असेल तर ते पुरुषाचे फुप्फुस बघून माघारी फिरते का?

हा युक्तिवाद अमेरिकेत १९९१ साली उघडा पडला. जॉन्सन कंट्रोल्स ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी. बॅटरीत शिसे असते आणि शिसे गर्भाला घातक असते, हे खरेच आहे. पण कंपनीने १९८२ मध्ये नियम काय केला? मूल होऊ शकत नाही असा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर शिशाचे काम सोडा. पन्नास वर्षांच्या घटस्फोटित बाईलाही हटवले, तिचा पगार घटला. एकीने नोकरी टिकवण्यासाठी नसबंदी करून घेतली. आणि एका पुरुष कामगाराला बाप व्हायचे होते, रक्तातले शिसे उतरावे म्हणून त्याने रजा मागितली. ती नाकारली! इथे काळजीचे सोंग गळून पडते. शिसे पुरुषाच्या बीजालाही बाधते, हे पुरावे कोर्टापुढे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी कंपनीविरुद्ध निकाल दिला. होणाऱ्या मुलांचा निर्णय आईबापांचा, मालकाचा नव्हे, असे न्यायालयाने बजावले.

नसबंदीचे वाचून आपल्याला बीड आठवायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, सरकारला समिती नेमावी लागली. तिथे बाईला कामावरून काढत नाहीत, कारण कोयता जोडीचा असतो आणि उचल दोघांच्या नावावर. पाळीत खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना पाणी. म्हणजे काम माणसासारखे करायचे नाही, बाईचे शरीर कापून कामाला बसवायचे. चांगल्या पगाराच्या जागी ‘धोका’ दिसतो, उसाच्या फडात दिसत नाही.

गटारात तर मुळीच दिसत नाही. २०१३ चा कायदा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारबळीच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हटले, २०२३ मध्ये ३० लाख. तरी दोर बांधून आमचाच माणूस उतरतो. तिथे “जबाबदारी कोण घेणार” असे ठेकेदार विचारतो का?

मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणखाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आज विटाळ म्हणता येत नाही, सेफ्टी म्हणता येते.

काहीजण विचारतील, मग सुरक्षिततेचे नियमच नकोत का? हवेत, आणि सगळ्यांना हवेत. धूर ओढणारे पंखे, हातमोजे, रात्रपाळीला गाडी, बायांना स्वच्छ संडास. हा खर्च मालकाने करायचा आहे. तो वाचवायला माणूस गाळणे याला आम्ही भेदभावच म्हणणार. तेव्हा गेटवर कुणी सुरक्षिततेचे कारण सांगितले तर ते लेखी मागा, आणि त्याच खात्यातल्या पुरुषांसाठी काय सोय केली आहे तेही त्याच अर्जात विचारा.

जय भीम!