न्यूमोनियातील रक्ताची गुठळी आणि स्त्री-पुरुषांचा रकाना

करोनाच्या काळात कोठीतील सार्वजनिक आरोग्य संचालनालयाच्या दैनिक पत्रकाची तेलंगणातील घराघरांत वाट पाहिली जात असे. त्यातील दोन आकडे अनेकांना आजही पाठ असतील : कोविडमुळे मृत्यू ४४.९६ टक्के, सहव्याधींमुळे ५५.०४ टक्के. हे आकडे महिनोन्‌महिने जागचे हलले नाहीत, आणि त्यावरून प्रश्नही उपस्थित झाले. मात्र त्या विभागणीतील एका गृहीतकाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माणूस दगावला तो विषाणूमुळे, नाहीतर मधुमेह-रक्तदाबामुळे, असे ते गृहीतक. रुग्ण स्त्री होती की पुरुष, याला त्या स्पष्टीकरणात स्थान नव्हते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ६ एप्रिल २०२० रोजी दिलेल्या माहितीनुसार तोवरच्या मृतांत ७३ टक्के पुरुष होते. यावरून पुरुष अधिक दगावतात असा निष्कर्ष तेव्हा सर्रास काढला गेला. परंतु त्याच दिवशीच्या माहितीत बाधितांपैकीही ७६ टक्के पुरुषच होते. म्हणजे या दोन आकड्यांवरून पुरुषांचे शरीर अधिक दुबळे ठरत नाही. ठरते ते एवढेच की तपासणीपर्यंत पुरुषच अधिक पोहोचले. कच्च्या आकड्यांची मर्यादा ती हीच.

न्यूमोनियाच्या बाबतीत याहून काटेकोर उत्तर करोनाच्या आधीच उपलब्ध होते. अमेरिकेतील २८ रुग्णालयांत दाखल झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचे जगण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि वर्षभरानंतरही ते कमीच राहिले. धूम्रपान, सहव्याधी, उपचारांतील फरक हे सारे हिशेबात धरूनही तफावत उरली. दाखल होतानाच पुरुषांच्या रक्तात दाह वाढवणारी आणि आवरणारी अशी दोन्ही प्रकारची संदेशवाहक प्रथिने अधिक होती, डी-डायमर अधिक होता आणि गोठण्याला लगाम घालणारे अँटिथ्रॉम्बिन कमी होते. ही प्रथिने हिशेबात घेताच तफावत आक्रसली.

यामागील यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. फुफ्फुसात जंतू शिरला की शरीर तेथे रक्त गोठवून फायब्रिनचे जाळे विणते. जंतूला कोंडून ठेवण्याची ती युक्तीच आहे. पण लगाम सुटला की तेच जाळे सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजवू लागते. प्रतिकारशक्ती आणि रक्ताची गुठळी ही अशी एकाच संरक्षणाची दोन अंगे आहेत. करोनात याचा दुसरा पुरावा मिळाला. विषाणूविरुद्धच्या पहिल्या फळीतील इंटरफेरॉन निकामी करणारी, शरीराने स्वतःच तयार केलेली प्रतिपिंडे अत्यवस्थ अशा ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत आढळली. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. विषाणू ओळखणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांत त्याच्या दोन प्रती असतात आणि काही पेशींत दोन्ही काम करतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

मात्र ‘स्त्री-संप्रेरके तारतात’ हे सोपे उत्तर टिकत नाही. इस्ट्रोजेन अँटिथ्रॉम्बिन घटवते. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना गुठळीचा धोका वाढतो तो त्यामुळेही. शिवाय २००९ च्या अभ्यासातील रुग्णांचे सरासरी वय पासष्टीच्या घरातले, म्हणजे बहुतेक स्त्रियांची पाळी केव्हाच थांबलेली.

आपल्याकडील प्रयोगशाळेचा अहवाल या दृष्टीने पुन्हा पाहावा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनसमोर स्त्री-पुरुषांच्या मर्यादा वेगळ्या छापलेल्या असतात. डी-डायमरसमोर बहुधा एकच. निरोगी स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा किंचित अधिक आढळतो आणि गरोदरपणात तर बराच चढतो. तरीही अर्थ लावायचा तो एकाच रेषेवरून.

धूम्रपानाचा मुद्दा अर्थातच खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील ३८ टक्के पुरुष आणि सुमारे ९ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत असल्याचे दिसले. पण चुलीचा धूर बाईच्याच वाट्याला येतो, आणि दवाखान्याची पायरी चढायला तिला घरात किती परवानग्या लागतात हे निराळे सांगायला नको. रक्तातून मिळालेली सवलत उशिरा दाखल होण्यात खर्ची पडत असेल, तर मृत्यूच्या एकूण आकड्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून टाकतील.

हे उलगडण्याची साधने एकट्या कोठी परिसरात दाटीने उभी आहेत : संचालनालय, उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय, सुलतान बाजारचे प्रसूती रुग्णालय आणि २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या रुग्णांनी भरून गेलेले कान-नाक-घसा रुग्णालय. नोंदवहीत स्त्री-पुरुषांचा रकाना पूर्वीपासून आहेच. न्यूमोनियाने दाखल झालेल्या प्रत्येकाचे वय, दाखल होण्यापूर्वी गेलेले दिवस, पहिला डी-डायमर आणि शेवट एवढे त्या रकान्याशी जोडून दरवर्षी प्रसिद्ध करण्यास नवे यंत्र लागत नाही. पुढच्या साथीचे पहिले पत्रक निघण्याआधी संचालनालयाने निदान तेवढे करावे.