पडणे मारत नाही, थांबणे मारते

चित्रकथेत विज्ञान शोधू नये, असे पुष्कळांचे मत असते. मला ते पटत नाही. अमेरिकेतील ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा १२१वा अंक (जून १९७३) पाहा. गिल केन यांची चित्रे जिवंत आहेत. गेरी कॉनवे यांच्या संवादांनी मात्र निराशा होते.

खलनायक ग्रीन गॉब्लिन नायकाच्या प्रेयसीला, ग्वेनला, पुलावरून खाली लोटतो. स्पायडरमॅन जाळे फेकून तिचे पाय पकडतो. तरी ती मरते. का? गॉब्लिन म्हणतो, इतक्या उंचीवरून पडणारा खाली आदळण्यापूर्वीच मरतो. साफ चूक! विमानातून उडी घेणारे कित्येकजण छत्री उघडण्यापूर्वी शेकडो मीटर पडतात आणि सुखरूप उतरतात.

थोडे गणित करू. समजा, ती ८० मीटर पडली. तिचा वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर होईल. जाळ्याने तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणला, तर ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या आठपट! हा हिसका मान कशी सोसणार? चित्रात तिचे डोके मागे फेकलेले आहे, शेजारी ‘स्नॅप’ असा बारीक शब्दही आहे. चित्र खरे सांगते. संवाद ते झाकतो. १२५व्या अंकात संपादकांनीही हिसक्याचे कारण मान्य केले.

झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, तसे जाळे हळूहळू ताणले असते तर? नायकाला अद्भुत शक्ती खुशाल द्यावी. पण पडणारी मुलगी तुमच्याआमच्यासारखीच आहे. तिला न्यूटनचे नियम लागू आहेत. ते सांगितले असते, तर कथा अधिक खरी आणि अधिक करुण झाली असती.