नग्नतेचा गुन्हा नेमका कोणाविरुद्ध?

४ नोव्हेंबर २०२० रोजी, आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी, मिलिंद सोमण यांनी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकले. काही दिवसांतच एका स्थानिक राजकीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय दंड विधानाचे कलम २९४ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ यांखाली त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच आठवड्यात काणकोणजवळच्या चापोली धरणावर केलेल्या चित्रीकरणावरून पूनम पांडे यांना अटक झाली आणि एका पोलीस निरीक्षकास निलंबित व्हावे लागले. पुरुषाला एक न्याय आणि स्त्रीला दुसरा, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली व ती रास्तही होती. मात्र अधिक मूलभूत प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. सार्वजनिक ठिकाणी विवस्त्र होणे हा आपल्याकडे मुळात गुन्हा आहे काय, आणि असल्यास तो कोणाविरुद्ध?

कलम २९४ मध्ये 'नग्न' हा शब्दच नव्हता. सार्वजनिक ठिकाणी 'अश्लील' कृती करणे आणि त्यामुळे इतरांना त्रास होणे, अशा दोन अटी त्यात होत्या. दोन्ही पूर्ण झाल्याखेरीज गुन्हा सिद्ध होत नसे. महाराष्ट्रात याखेरीज १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ११० आहे. रस्त्यावर बुद्धिपुरस्सर आणि असभ्यपणे अंगप्रदर्शन करण्यास ते मनाई करते. म्हणजे येथेही हेतू आणि असभ्यता पाहावी लागते. नुसते वस्त्र नसणे पुरेसे नाही.

नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे न्यायालयांनीही पुनःपुन्हा सांगितले आहे. 'बँडिट क्वीन' चित्रपटाच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्वाळा दिला. टेनिसपटू बोरिस बेकर व त्याची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र छायाचित्रावरून कोलकात्याच्या एका दैनिकावर खटला भरला गेला होता. तो रद्द करताना २०१४ मध्ये याच न्यायालयाने व्हिक्टोरियाकालीन 'हिकलिन' कसोटी टाकून दिली आणि समकालीन समाजाच्या मापाने संपूर्ण कृतीकडे पाहावे, असे सांगितले. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रेहाना फातिमा प्रकरणात आणखी पुढे जाऊन पुरुषाच्या उघड्या छातीस चालणारी सूट स्त्रीला का नाही, याचा विचार केला. हे सर्व निकाल प्रामुख्याने चित्रे आणि चित्रणाबाबतचे आहेत, हे खरे. रस्त्यावर प्रत्यक्ष विवस्त्र उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल ते थेट काही सांगत नाहीत. पण निकाल कितीही स्पष्ट असले, तरी तेथवर पोहोचण्याचा मार्ग हीच आपल्याकडे शिक्षा असते. बुटांच्या एका जाहिरातीत अंगावर अजगराखेरीज काही नसलेल्या सोमण आणि मधू सप्रे यांच्यावर मुंबईत १९९५ मध्ये गुन्हा दाखल झाला. निर्दोष सुटका झाली २००९ मध्ये. चौदा वर्षे. रामायणातील वनवासाची मुदतही तेवढीच होती.

नग्नतेचे वावडे या समाजाला आहे, असेही म्हणता येत नाही. दिगंबर जैन मुनी कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवरून विहार करतात. लोक बाजूला होऊन नमस्कार करतात. तरुणसागर महाराजांनी २०१६ मध्ये हरियाणा विधानसभेत प्रवचन दिले तेही दिगंबर अवस्थेतच. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर सिंहस्थात नागा साधू स्नानाला उतरतात, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीस पोलीसच वाट करून देतात. ही श्रद्धेला दिलेली सवलत आहे, असे म्हणून विषय संपवता येईल. पण त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. त्या देहाचा अर्थ पाहणाऱ्याला ठाऊक असतो, तेव्हा त्याला त्रास होत नाही. त्रास देहापेक्षा त्यामागच्या हेतूचा असतो.

हेतूचा हा प्रश्न स्त्रियांच्या दृष्टीने मुळीच तात्त्विक नाही. शाळेच्या फाटकाशी, लोकलच्या फलाटावर किंवा निर्जन गल्लीत मुलींसमोर उघडा होणारा पुरुष हा मुक्त विचारांचा पुरस्कर्ता नसतो. तो धमकी देत असतो. त्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. इंग्लंडने हा भेद कायद्यातच केला आहे. तेथील २००३ च्या लैंगिक गुन्हेविषयक कायद्यानुसार समोरच्यास भयभीत किंवा व्यथित करण्याच्या हेतूने गुप्तांग दाखवणे हा गुन्हा ठरतो. केवळ विवस्त्र असणे त्या कलमात बसत नाही.

तरीही तिढा सुटत नाही, हे स्टीफन गॉफ या माजी सैनिकाच्या कहाणीवरून दिसते. ब्रिटनच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत तो विवस्त्र चालला. स्कॉटलंडमध्ये शांतताभंगाखाली त्याला वारंवार पकडले गेले. सुटताना तो कपडे घालण्यास नकार देई आणि पुन्हा आत जाई. अशी एकूण सहा वर्षांहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये त्याची नग्नता हा अभिव्यक्तीचाच प्रकार असल्याचे मान्य केले, पण शिक्षा रद्द ठरवली नाही. इतरांवर आपले मत लादण्याऐवजी ते मांडण्याचे अन्य मार्ग त्याला खुले होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. निकाल पटण्यासारखा आहे. तुरुंगातली वर्षे मात्र पटत नाहीत.

भारतात कोणी गॉफप्रमाणे भररस्त्यातून चालण्याचा हक्क मागितलेला नाही, आणि बाजारपेठेत, बसमध्ये, शाळेजवळ तो देण्याचे कारणही दिसत नाही. ज्याला नजर चुकवायला जागा नाही, त्याच्या संकोचाचा मान राखलाच पाहिजे. पण हा मान प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा आहे. सोमण यांच्या छायाचित्रात दुसरे कोणी दिसत नव्हते. रणवीर सिंह यांच्याविरुद्ध २०२२ मध्ये चेंबूर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तोही एका मासिकासाठी काढलेल्या छायाचित्रांवरून. अशा प्रकरणांत 'त्रास' होतो तो चित्र शोधून, न्याहाळून, मग पोलीस ठाणे गाठणाऱ्यांना. अशा तक्रारदारास कायद्याने त्रस्त मानावे काय? किनाऱ्यावर त्या क्षणी उपस्थित असलेल्या, नको असताना पाहावे लागलेल्या माणसाची तक्रार असेल तरच पोलिसांनी दखल घ्यावी, एवढी साधी अट घातली असती तर यांतील बहुतेक प्रकरणे उभीच राहिली नसती.

ती संधी नुकतीच येऊन गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. वसाहतकालीन कायद्याला निरोप, असे तिचे वर्णन झाले. कलम २९४ चे कलम २९६ झाले. तीन महिन्यांची कैद तशीच राहिली, दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपये ठरली. 'अश्लील' म्हणजे काय आणि 'त्रास' कोणाचा, ही दोन्ही उत्तरे १८९५ मध्ये त्या कलमाला आजचे रूप आले तेव्हाइतकीच मोघम आहेत.