तातडी कोणाची, हे सेनापतीने ठरवावं

7 डिसेंबर 1941. जपान काहीतरी करणार, असा अंदाज आल्यावर अमेरिकेचे लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी हवाईच्या तळाला सावध करणारा संदेश लिहिला. लष्कराचा बिनतारी संपर्क त्या वेळी होनोलुलूशी होत नव्हता, म्हणून तो खासगी तार कंपनीमार्फत गेला. होनोलुलूत तार उतरली सकाळी 7 वाजून 33 मिनिटांनी. पाकिटावर तातडीची खूण नव्हती. तारवाला पोरगा बाकीच्या तारांबरोबर ती मोटारसायकलवरून घेऊन निघाला. ती लष्कराच्या हाती पडली तेव्हा पर्ल हार्बरवरचा हल्ला होऊन काही तास उलटले होते. तार उतरताक्षणी पोचती झाली असती तर आरमार वाचलं असतं, असा माझा दावा नाही. पण देशातला सर्वांत तातडीचा कागद इतर तारांच्या गठ्ठ्यात फिरत राहिला, कारण तो आधी न्या असं त्यावर कुणी लिहिलंच नव्हतं.

पुढे शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने ऑटोव्हॉन हे टेलिफोनचं जाळं उभारलं. त्याच्या फोनवर नेहमीच्या आकड्यांच्या उजवीकडे चार लाल कळांची उभी रांग असे. आधी योग्य ती कळ दाबायची, मग नंबर. लाइन मोकळी नसेल तर खालच्या दर्जाचं चालू संभाषण तोडून वरच्या दर्जाच्या फोनला वाट मिळे. सर्वांत वरची कळ राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि मोजक्या सेनानींसाठी राखलेली होती. कोण बोलणार आणि कोणाचं बोलणं तुटणार, हे लढाई पेटण्याआधीच ठरलेलं होतं, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं.

आता कळा गेल्या. त्यांच्या जागी नियम आले. कोणत्या संदेशाला आधी वाट द्यायची याचे नियम, म्हणजे धोरण, एक सर्व्हर साठवतो आणि त्यानुसार निर्णय देतो. राउटर आणि रेडिओ संच ते निर्णय पाळतात. तोफखान्याची मागणी आधी, ड्रोनचं चित्रण नंतर; दुवा अरुंद झाला की चित्रण थांबवा, आवाज चालू ठेवा. हजारो उपकरणं हाताने जुळवत बसायला युद्धात सवड कुणाला असते? म्हणून ही पद्धत हवीच.

पण नियम लिहितो कोण? अनेकदा ते काम उपकरणं पुरवणाऱ्यावर किंवा नेटवर्क सांभाळणाऱ्या तंत्रज्ञावर सोडलं जातं, आणि माझा आक्षेप इथेच आहे. जखमींना हलवण्याचा संदेश आधी की रसदीचा, हा प्रश्न सेनापतीचा आहे. त्याने तो आपल्या भाषेत लिहून द्यावा, सिग्नलवाल्यांनी तो यंत्रात उतरवावा. आपल्याकडे तर हे जास्तच निकडीचं आहे. हवाई दलाचं एएफनेट हे जाळं 2010 मध्ये सुरू झालं, भूदलाची आणि नौदलाची जाळी वेगळी. तिन्ही दलांना एका सेनापतीखाली आणणाऱ्या संयुक्त थिएटर कमांडची चर्चा इतकी वर्षं चालली आहे. एकाच दुव्यावर हवाई दलाचं रडारचित्र आणि ब्रिगेडची हाक एकाच वेळी आली तर कोण थांबणार, हे कमांडचा नकाशा आखतानाच ठरवावं लागेल.

दुसरी काळजी दुवा तुटण्याची. शत्रू पहिला घाव संपर्कावरच घालणार. मग डोंगरापलीकडच्या चौकीतल्या संचाने दूरच्या सर्व्हरची वाट बघत बसायचं का? सर्व्हरचे असे निर्णय उपकरणांपर्यंत पोचवण्यासाठी 2000 साली आलेल्या कॉप्स या प्रोटोकॉलमध्येही, निर्णय देणारा सर्व्हर हाताशी नसेल तेव्हा उपकरणाने स्थानिक पातळीवर निर्णय घेण्याची सोय होती. चौकीवरच्या सुभेदाराला नियम मोडण्याची मुभा किती, तीही नियमांतच लिहिलेली असावी. नंतर त्याचा हिशेब जरूर घ्यावा, पण त्या क्षणी त्याचा हात बांधू नये.

आणि प्रत्येकजण आपला संदेश 'अतितातडीचा' ठरवू लागला तर दर्जाला अर्थच उरत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेला हा अनुभव आला. वरचा दर्जा कोणी, किती वेळा वापरला याची नोंद दर सरावानंतर कमांडरपुढे ठेवली पाहिजे. भूदलाचे सिग्नल अधिकारी महूच्या महाविद्यालयात घडतात. तिथल्या सरावात एक दिवस मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करावा, आणि त्या दिवशी ब्रिगेड कमांडरने स्वतः खुर्चीत बसून कुठला संदेश थांबवायचा ते सांगावं.