घाट तोच, गुन्हा कुठून आला?

शिरूर-दौंडच्या बातम्या देताना पोलीस ठाण्याची पायरी रोजचीच. त्यामुळे खेळाने गुन्हेगारी वाढते किंवा घटते असं कुणी आकडे दाखवून सांगू लागलं, की मी आधी विचारतो: गुन्हा घडला, की नुसता दाखल झाला?

आमच्या बैलगाडा शर्यतींचंच घ्या. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तरी यात्रा आली की शिरूर-आंबेगाव पट्ट्यात गाडामालकांना चैन पडत नसे. झुंजुमुंजू व्हायच्या आत पिकअपमधून बैल शर्यतीच्या घाटात उतरायचे, पोलिसांची गाडी पोचेपर्यंत चार-दोन बाऱ्या उरकायच्या, भंडारा उधळून मंडळी पसार! मग आयोजकांवर प्राण्यांना क्रूर वागणूक दिल्याचा गुन्हा. 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता त्याच घाटात तेच गाडामालक बंदोबस्तात गाडे पळवतात. रजिस्टर बघणाऱ्याला वाटेल, गाव सुधारलं. बदलला तो कायदा.

आयपीएलच्या मोसमातही तेच. मोबाइल, टीव्ही, आकड्यांची वही, रोकड जप्त, अशी प्रेसनोट येते. छापे वाढले की गुन्हे वाढतात. एरवी सट्टा काय उपाशी बसतो?

पण म्हणून हात झटकता येत नाहीत. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की हमखास जिंकणार वाटणारा आपल्या भागातला फुटबॉल संघ हरला, तर पुरुषांकडून घरात बायकोला होणारी मारहाण सुमारे 10 टक्के वाढते. इंग्लंडमध्ये लँकशायर पोलिसांच्या नोंदी तर आणखी बोलक्या: फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती हिंसेच्या तक्रारी 38 टक्के जास्त; हरलं नाही त्या दिवशीही 26 टक्के जास्त. इथे पोलीस छापा घालायला गेले नव्हते. मार खाणारीच दाद मागत होती. म्हणून हे आकडे मला खरे वाटतात.

19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेत आपण क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो. त्या रात्री रांजणगाव एमआयडीसीभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांतून, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून 112 वर किती फोन गेले? पुणे ग्रामीण पोलिसांनी शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, दौंड, यवत या ठाण्यांचे 112 चे आकडे तारीखवार जाहीर करावेत. नावं नकोत, तारीख, वेळ आणि कारण एवढंच द्या. सामन्यांचं वेळापत्रक आमच्याकडे आहे.